चाळीस फुटी बैल

वर्षभर द्वारकाबाईनं तो बैल बघितला नव्हता. इंदापूरला जायचं झालं की एसटीत ती मुद्दाम पलीकडच्या खिडकीशी बसायची. आज मात्र, लेक तिथं लोकांना काय सांगतो ते कानावर आलं म्हणून, कळस गावाहून निघाली ती थेट हायवेवरच्या त्या हॉटेलासमोर उतरली.

चाळीस फूट उंच सिमेंटचा बैल. पांढराशुभ्र, शिंगं निळी. ती शिंगं रंगवतानाच तिचा नवरा भीमा पडला होता. पायाखालची फळी सटकली, आणि दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं. हॉटेलमालकानं कागद केला, भीमा घरच्या माडीवरून पडला म्हणून. त्याबदली लेकाला, रणजितला, हॉटेलात कामाला लावून घेतलं. कागदावर अंगठा द्वारकाबाईनंच उठवला होता.

बैलापुढं पुण्याकडची माणसं जमली होती. इस्त्रीच्या कपड्यातला रणजित त्यांना माहिती सांगत होता. लेकाला असं पुस्तकातलं बोलताना ती पहिल्यांदाच ऐकत होती.

"सात महिने काम चाललं. आणि देवाची कृपा बघा, एवढ्या उंचीवर काम करून कुणाला साधं खरचटलंसुद्धा नाही."

"कमालच आहे!" गॉगल लावलेल्या एक बाई म्हणाल्या.

तेवढ्यात रणजितला गर्दीमागं आई दिसली. पुढचं वाक्य त्याच्या तोंडातच राहिलं. माणसांतून वाट काढत तो तिच्याजवळ आला.

"आये, तू कशाला आलीस हितं?" त्याचा आवाज खाली गेला. "तसं म्हणाय लावत्यात गं."

"रोज म्हणतूस?"

"दिसातनं धा-बारा येळा."

द्वारकाबाई रागवायचं म्हणून आली होती, पण तिनं विचारलं भलतंच.

"कुठं पडलं त्ये? तेवढं दाव."

रणजितनं काचेपलीकडच्या मॅनेजरकडं बघितलं. हात उचलायचं काही त्याला धाडस झालं नाही. नुसती हनुवटी हलवून त्यानं बैलाच्या पुढच्या खुराजवळची फरशी दाखवली. तेवढी फरशी नवी होती.

द्वारकाबाईनं चपला काढल्या. उन्हानं फरशी तापली होती. ती गुडघ्यांवर बसली, पदर डोक्यावर घेतला आणि कपाळ टेकलं. किती तरी वेळ तिनं डोकं उचललं नाही.

"अगं बघ, आजी नंदीच्या पाया पडतायत!" गॉगलवाल्या बाई सोबतच्या मुलीला म्हणाल्या. "किती गं श्रद्धा! फोटो घे. चला, आपणही नमस्कार करू."

सगळी मंडळी हसत पुढं सरकली. पहिला बूट त्या फरशीवर पडणार, तोच रणजित हात पसरून आडवा झाला.

"आदी पायातलं काढा," तो म्हणाला.