अबोली कार्ड

"एक वाजता मी नमाजाला जाणार, ताई. त्याआधी मॅटर पक्कं झालं तर उद्या संध्याकाळी कार्डं हातात. नाय तर सोमवारावर गेलं." जुल्फिकारचाचांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. साडेबारा वाजत आले होते.

महाडच्या बाजारपेठेतल्या त्यांच्या छापखान्यात साखरपुड्याच्या कार्डांचे नमुने टेबलभर पसरले होते. वल्लरी त्यांत अगदी रंगून गेली होती. एकेक कार्ड उघडायचं, वास घ्यायचा, फोटो काढून पुण्याला धाकट्या भावाला, धवलला पाठवायचा. त्याचीही उत्तरं धडाधड येत होती. तिची आई विनीता मात्र स्टुलाच्या कडेवर बसली होती, कधीही उठून जावं लागेल अशी. आनंद तिलाही झाला होता. पण तो दाखवायची तिला भीती वाटत होती.

कारण दत्तोपंतांचा फोन आला नव्हता. वल्लरीच्या वडिलांच्या माघारी घरातलं मोठं माणूस म्हणजे पोलादपूरचे हे काका. निमंत्रक म्हणून त्यांचं नाव असेल तरच कार्ड छापायचं, असं विनीताने ठरवलं होतं. ते नसले तर मूळ गावच्या, कुडपणच्या भावकीतलं एक माणूस फिरकणार नव्हतं. मग कार्डच नको. पुढच्या रविवारी दार लोटून, चार माणसांत साखर वाटून मोकळं व्हायचं. चोरी केल्यासारखं. "असं आपल्या घरात कधी झालेलं नाही," एवढंच काका म्हणाले होते, त्याला आता आठ दिवस झाले होते.

चाचांनी वरचा मजकूर, तारीख, वेळ टाइप केली. नावांची जागा वल्लरीने रिकामीच ठेवायला सांगितली. काकांचा होकार आला की सांगते, म्हणाली.

"नवरामुलगा काय करतो?" चाचांनी विचारलं.

"सुहाससर ना? हायस्कुलात गणित शिकवतात. सगळ्यात आधी मीच पसंत केले त्यांना," वल्लरी ऐटीत म्हणाली. विनीताने चष्मा काढून उगाचच पुसला.

एक अबोली रंगाचं, सोनेरी वेलीचं कार्ड विनीताने आतापर्यंत तीनदा हातात घेतलं होतं आणि तीनदा ठेवून दिलं होतं. चौथ्यांदा तिने सरळ साधं पांढरं उचललं. हेच बरं, फार भपका नको, असं काहीतरी पुटपुटली.

"पोरीची हौस हाय, ताई. अबोलीच घ्या," चाचा म्हणाले. विनीताने पांढरं कार्ड हातातच धरून ठेवलं. वल्लरी तोंड फिरवून हसली.

"खाली पोरांची ओळ टाकायची ना? ती तयारच असते माझ्याकडे." चाचांनी बटण दाबलं आणि पडद्यावर आलं, 'आमच्या ताईच्या साखरपुड्याला यायचं हं!' "घरात पोरं किती?"

"दोन. नावं सांगते नंतर," वल्लरी म्हणाली.

पावणेएक झाला. चाचा टोपी झटकू लागले. विनीता पर्स घेऊन उठली. राहू दे, म्हणाली, नशिबात नसेल. तेवढ्यात वल्लरीचा फोन वाजला. तिने स्पीकर लावला.

"आई जवळ आहे का तुझी? तिला सांग, माझं नाव घाला. सगळ्यात वर," दत्तोपंतांचा आवाज जड होता. "आणि कुडपणची कार्डं मी स्वतः वाटायला जाणार. कोण काय बोलतं बघू. आठ दिवस उगाच जीव टांगणीला लावला तिचा, चुकलं माझं."

विनीताला रडू आवरेना. ती स्टुलावर बसली, पदर तोंडाला लावला आणि मग रडता रडताच हसू लागली. चाचांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि लेकीचं म्हटलं की आईचं असंच होतं, अशी समजूत घातली.

वल्लरीने पांढरं कार्ड आईच्या हातातून काढून घेतलं आणि अबोली टेबलावर ठेवलं. "हे छापा. आणि चाचा, कीबोर्ड जरा इकडे द्या. पोरांची ओळ मी लिहिते."

तिने एक शब्द खोडला, खाली दोन नावं घातली आणि पडदा आईकडे वळवला.

'आमच्या आईच्या साखरपुड्याला यायचं हं! – वल्लरी, धवल.'