लाल लोकर कशी आहे?

"लोकर हाताला सगळीच मऊ लागते गं, गळ्याला लावून बघ," लोकरीच्या दुकानातल्या मावशींनी बजावलं होतं. मी ते हसण्यावारी नेलं. आठ दिवस मान मोडून स्वेटर विणला आणि अंगात घालताच बाळाने घर डोक्यावर घेतलं. गळा नुसता लालबुंद!

दुसऱ्या स्वेटरसाठी पाच रंगांच्या लोकरी आणल्या आणि प्रत्येकीचा तळहाताएवढा तुकडा विणला. बाळाला काही सांगता येत नाही, म्हणून आज सकाळी पाचही तुकडे नवऱ्याच्या बनियनला आतून टाचले, गळ्यापासून पाठीपर्यंत.

"अगं, आज मोठ्या साहेबांसमोर बोलायचंय मला!"

"मग बोल की. तोंडाला कुठे काय लावलंय?"

दुपारी त्याचा फोन आला. आवाज अगदी दबका.

"पिवळी ठीक आहे. निळी म्हणजे गांधीलमाशी आहे, गांधीलमाशी! हिरवी जरा बरी. आणि लाल..."

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, शर्ट काय काढताय? साहेब बसलेत समोर!"

फोन बंद झाला. तेव्हापासून तो उचलत नाहीये.

तुमच्या ऑफिसात कुणी दाराच्या चौकटीला पाठ घासत उभा असेल, तर जरा बघाल का त्याच्याकडे? बरा आहे ना, विचारा. पण आधी लालचं विचारा. मी सुईवर टाके घालून बसलेय.