बाहेरचं बाकडं

रोननने उत्तर लिहून ठेवलं होतं. पाठवायचं तेवढं बाकी होतं. त्याने संगणकाच्या पडद्याचं तोंड नोरीनकडे वळवलं.

वर त्यांच्या वकिली ऑफिसबद्दलचा तो अभिप्राय होता. एव्हाना सगळ्या बॅन्ट्री गावाने तो वाचला होता. पाचपैकी एक तारा, खाली डेक्लन ओ'शे हे नाव आणि तक्रार. आईला मृत्युपत्रासाठी मी स्वतः गाडीने घेऊन आलो. वकीलबाईंनी तिला आत घेतलं आणि मला बाहेरच्या बाकड्यावर बसवलं. तासभर. दोनदा दार ठोठावलं, उघडलं नाही. साधा चहा विचारला नाही. त्यापेक्षा समोर जा.

समोर म्हणजे रस्त्यापलीकडे. कॉर्क शहरातल्या एका मोठ्या फर्मने तिथे शाखा उघडली होती आणि खिडकीत पाच सोनेरी तारे चिकटवले होते. काम झालेला अशील फुटपाथवर पोचायच्या आत त्याच्या फोनवर निरोप येई, आमच्याबद्दल दोन शब्द लिहा म्हणून. रोननने इथेही तेच सुरू करून पाहिलं. पण घर विकत घेणारा हौसेने लिहितो, मृत्युपत्र करून गेलेला माणूस गावभर सांगत फिरत नाही. नोरीनचं काम तर मुख्यतः मृत्युपत्रांचंच. हिवाळा लागल्यापासून त्यासाठी कुणी नवं माणूस पायरी चढलं नव्हतं.

उत्तर नम्र होतं आणि खरंही होतं. हे गृहस्थ आमचे अशील नव्हते, त्यांच्या आई होत्या. घरच्या कुणाचं दडपण येऊ नये म्हणून आम्ही प्रत्येकाशी एकांतात बोलतो.

नोरीनने चष्मा काढला. पाठवायचं नाही, म्हणाली. कोण आलं होतं आणि का, हे आपण सांगायचं नसतं.

रोनन म्हणाला, त्यात सांगायचं काय राहिलंय? डेक्लनने स्वतःच सगळं लिहून ठेवलंय.

"तो लिहील. तो तिचा मुलगा आहे. मी तिची वकील आहे."

"नोरीन, ती बाई ऑक्टोबरात गेली."

"म्हणून तर. आता तिला विचारताही येणार नाही."

 मग रोननने दुसरी गोष्ट सांगितली. समोरच्यांनी त्याला नोकरीला बोलावलं होतं. शुक्रवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. हे ऑफिस त्याच्या वडिलांनी आणि नोरीनने मिळून उभं केलं होतं, त्यामुळे तो हे बोलला ते खिडकीकडे बघत. नोरीनने त्याला थांब म्हटलं नाही. तो गेला की दाराला कायमचं कुलूप लावायचं, हे तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

त्या तासाबद्दल ती रोननलाही कधी बोलली नव्हती. ओ'शेबाईंनी सगळं मुलाच्या मनासारखंच केलं होतं. घर त्याला, जमीन त्याला. पाव तासात आटोपलं. नोरीन उठायला लागली तेव्हा बाईंनी तिच्या बाहीला हात लावला. जरा वेळ बसू का इथे? पोरगा चांगला आहे, पण घरी कुणी एकटीला बसू देत नाही, सारखं काय हवं, काय हवं. मग दोघी चहा पीत बसल्या, काही न बोलता. दारावर टकटक झाली. बाईंनी नुसतं नोरीनकडे पाहिलं. नोरीनने किटली उचलली आणि त्यांचा कप पुन्हा भरला.

शुक्रवारी सकाळी रोनन कोट न काढताच तिच्या टेबलापुढे येऊन उभा राहिला. त्याने बोलायला तोंड उघडलं आणि बाहेरचं दार ढकलून एक धिप्पाड माणूस आत आला. एका म्हातारीला त्याने कोपराशी धरलं होतं. ही माझी मावशी, मिसेस क्रॉनिन. हिचं मृत्युपत्र करायचंय. हिला काय हवंय ते मला ठाऊक आहे, मी सांगतो, तुम्ही लिहून घ्या.

रोननने सवयीने विचारलं, आमच्याबद्दल कुठे कळलं?

"तीच तर गंमत," भाचा हसला. "हिला दिसत नाही, म्हणून मीच सगळे अभिप्राय वाचून दाखवले. समोरच्यांचे एकाहून एक छान. आणि ही अडून बसली कशावर, तर तुमच्या त्या एका ताऱ्यावर. पुन्हा वाच म्हणाली, तो बाकड्यावरचा. पुन्हा वाचला. हिच्या हट्टापुढे कोण जाणार?"

बोलता बोलता तो मावशीला घेऊन आतल्या खोलीकडे निघाला. नोरीन दारात उभी राहिली. मावशी आत येतील, ती म्हणाली, तुम्ही जरा बाहेर बसा. भाच्याचं हसू ओसरलं. समोर दोघांनाही बसू देतात, तो म्हणाला, आणि चाललोच आम्ही अशा बेताने त्याने मावशीचा कोपर ओढला. म्हातारी जागची हलली नाही.

रोननने त्या कोपराकडे पाहिलं. मग बाकड्याकडे. त्याने कोट काढला, खुंटीला अडकवला आणि भाच्यापुढे येऊन उभा राहिला.

"बसा ना," तो म्हणाला. "चहात दूध किती घेता?"

नोरीनने आतून दार लावलं. मिसेस क्रॉनिनने चाचपून खुर्ची शोधली, बसली, एकेक करून हातमोजे काढले. बाहेर कपबशी वाजली. म्हातारीने आवाजाच्या दिशेने कान दिला आणि मग साठी उलटलेल्या नोरीनकडे झुकून हलक्या आवाजात म्हणाली, "पोरी, तो फार जोरात ठोठावतो, बरं का. उघडणार नाहीस ना?"