वाढलेल्या पेशी

विमलाने पिशवीतून पपईच्या पानांच्या रसाची बाटली काढली, तशी डॉक्टर गंधाली पुढे झाली नि तिने ती काढूनच घेतली.

"मावशी, पोरीला श्वास घेता येत नाहीये, आणि तुम्ही हे काय पाजताय?"

"पेशी वाढायला," विमला म्हणाली. "रोज देते मी."

विमलाची बारा वर्षांची लेक रुचिरा खाटेवर ताठ बसली होती. आडवं होताच येत नव्हतं तिला. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, तरी दर श्वासाला गळ्याची खळगी आत ओढली जात होती. वाकोल्याहून रिक्षात घालून आणली तेव्हाच तिची नखं निळी पडली होती.

"दम्याचा पंप दिला होता ना? घेत होती?"

"घेते की," रुचिराचे वडील लवू म्हणाले. "ही देते ना रोज."

"नाय देत," विमला खाली बघत म्हणाली. "एक दिवस पण नाय दिला."



कोणी म्हणेल, काय बाई आहे! पण तिचंही ऐकायला हवं. मागच्या पावसाळ्यात तिचा दीर नंदकुमार डेंग्यूने गेला. रोज रिपोर्ट यायचा, रोज पेशी कमी, आणि घरातलं माणूस न माणूस पपईची पानं शोधत वणवण फिरायचं. पेशी कमी झाल्या की काय होतं, ते या घराने डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यानंतर रुचिराला धाप लागायची म्हणून तिचं रक्त तपासलं, तर दवाखान्यात सांगितलं, हिच्या पांढऱ्या पेशी वाढल्यात, हा पंप त्या कमी करील. कमी करील!  घरी येऊन विमलाने पंप माळ्यावर टाकला, आणि पोरीला जवळ घेऊन म्हणाली, बाय, तुझ्या पेशी वाढल्यात, देव पावला.

गंधालीने कपाळाला हात लावला. मग जरा मऊ आवाजात म्हणाली, "मावशी, डेंग्यूत कमी होतात त्या पेशी वेगळ्या, रक्त गोठवणाऱ्या. या पांढऱ्या पेशी म्हणजे अंगाचे राखणदार. पण दम्यात त्या शत्रू नसताना चवताळतात. श्वासाच्या नळ्यांत गर्दी करतात, आणि जंतू मारायचं जहाल द्रव्य तिथंच सोडतात. प्राणवायूपासूनच बनतं ते. त्यानं नळ्या आतून भाजतात, सुजतात, बंद होत जातात. पंप त्यांना आवरतो."

"म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं," लवू पुटपुटले.

"कुंपणानं नाय," विमला म्हणाली. "मी."

"अगो, काय करून ठेवलंस गो ह्या!" लवूंचा आवाज फाटला. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"इंजेक्शनं दिलीत," गंधाली म्हणाली. "आता फरक पडला नाही, तर घशात नळी घालून मशीनवर ठेवावं लागेल."

"मग बरी होईल?"

गंधालीने मॉनिटरवरच्या ऑक्सिजनच्या आकड्याकडे पाहिलं. तो खालीच चालला होता. "बसा तिच्याजवळ," ती म्हणाली, आणि नर्सला हाक मारत गेली.

विमला खाटेच्या कडेला टेकली. पोरीच्या पाठीवर हात ठेवला, तर हाताखाली सगळी पाठ घरघरत होती. रडायचं नाही, एवढंच ती स्वतःला बजावत होती.

रुचिराने मास्क जरासा खाली ओढला. एकेक शब्दाला श्वास गोळा करत ती म्हणाली, "आई... पेशी... वाढल्या ना?"

विमलाने मान डोलावली.

"मग मी... काकासारखी... नाय ना... जाणार?"

नर्स ट्रॉली ढकलत पडद्याशी आली होती. विमलाने मास्क पुन्हा नीट बसवला, पोरीच्या कपाळावरचे ओले केस मागे सारले.

"वाढल्यो गो बाय," ती म्हणाली. "खूप वाढल्यो."