पिठातली पावलं

अश्विनी गेल्याचा फोन आला, तेव्हा मी आखातातल्या रिफा शहरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये तिच्यावर चिडूनच बसलो होतो. माझी बायको ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागात एकटीच गाडी घेऊन हिंडत होती. वाळवंटच बघायचं होतं, तर इथलं सखीर काय वाईट होतं?

गाडी बंद पडली, ती पाणी शोधत चालत निघाली आणि वाटेतच गेली, असं तिथल्या पोलिसांनी सांगितलं. लाल मातीत फक्त तिच्याच बुटांचे ठसे होते म्हणे.

दहाव्याला तिची बहीण कस्तुरी दिव्यापाशी ताटात पीठ पसरायला बसली. गेलेलं माणूस त्यात पाऊल उमटवतं, अशी आमच्याकडे रीत आहे.

“दाजी, ताईसाठी एवढं तरी करू या.”

“ताटात कशाला? तिला मोकळं हिंडायची हौस ना? मग हिंड म्हणावं!”

मी पिठाची अख्खी पिशवी हॉलच्या फरशीवर ओतली आणि पायाने पसरली. मग फ्लॅटला कुलूप लावून आम्ही देवळात गेलो.

दुपारी परतलो. पिठात अश्विनीच्या बुटांचे ठसे होते. त्यांत लाल माती होती. त्यांच्या शेजारून आणखी कुणीतरी चालत गेलं होतं. अनवाणी. माझ्यापेक्षा बरीच मोठी पावलं.

दोघांची पावलं बेडरूमच्या बंद दारापर्यंत गेली होती. परत आलेलं एकही नव्हतं.

“अश्विनी, कुणाला आणलंस घरात?” मी ओरडलो.

“दाजी, गप्प बसा हो,” कस्तुरी कुजबुजली.

आत पलंग करकरला. मग पुन्हा करकरला, जास्त जोरात.

ते दार मी अजून उघडलेलं नाही.