सुटलेली मूठ

"मोटरसायकलची मूठ पिळून पिळून हाताला मुंग्या येतात," नवरा महिनाभर म्हणत होता. डॉक्टरकडे जायचं नाव नाही. मी पडले मेकॅनिक. त्याच्या जुन्या गाडीलाच औषध दिलं, क्रूझ कंट्रोल बसवलं. बटण दाबलं की वेग कायम, कुठलाही ब्रेक दाबला की बंद. चाचणीला जीव मुठीत धरून मागे बसले. त्याने बटण दाबलं, मूठ सोडली, उजवा हात मांडीवर टाकला. "बघ, गाडी आपोआप पळतेय!" इतक्यात पुढचा ट्रक थांबला. आमचा वेग तसाच. मी किंचाळले. नुसत्या पायाच्या ब्रेकवर, मागचं चाक फरफटत, गाडी ट्रकपासून वीतभरावर थांबली. ब्रेक लागताच क्रूझ बंद झालं होतं, माझ्या कामात खोट नव्हती. "हाताचा ब्रेक काय शोभेला ठेवलाय?" मी ओरडले. "दाबलाय की!" तो चिडला. "अजून दाबूनच धरलाय." मी वाकून पाहिलं. त्याचा उजवा हात मांडीवरच होता, लुळा पडलेला.