विषय बदलण्याचा अर्ज

"मॅडम, यावर सही हवी होती."

संख्याशास्त्राच्या बाईंनी मान वर न करताच हात पुढे केला. विषय बदलण्याचा अर्ज. आठवड्यातला हा बारावा. आधीच्या अकरा अर्जांवर त्यांनी न वाचता सह्या ठोकल्या होत्या. आताही पेन टेकवणार, तोच नाव दिसलं आणि हात थबकला. ही तर प्रश्न विचारून विचारून वर्गाला भंडावून सोडणारी मुलगी.

"तू? तू का सोडतेयस?"

मुलगी खाली बघत राहिली. "तुम्हीच म्हणालात ना."

"मी? कधी गं?"

"रोजच म्हणता."

तिने फोन काढला, शिकवणीचं अ‍ॅप उघडलं आणि टेबलावर ठेवलं. विद्यापीठाने एका कंपनीशी करार करून ते बनवून घेतलं होतं. यंदापासून सगळ्या वर्गाला सक्तीचं. त्यातले धडे बाईंच्याच आवाजात होते. सुट्टीत कंपनीच्या काचेच्या खोलीत बसून, घसा बसेपर्यंत, त्यांनी चाळीस तासांचं रेकॉर्डिंग करून दिलं होतं. घरी बहिणीला कौतुकाने ऐकवलंही होतं.

फोनमधून बाई बोलू लागल्या, अगदी मायेने. "तू मेहनत करतेस, मला दिसतं. पण हा विषय तुला झेपेल असं वाटत नाही. वेळ आहे तोवर दुसरा घे. तुझ्या भल्यासाठीच सांगतेय."

वाक्य संपताना आवाज जरा खाली न्यायची लकबसुद्धा बाईंचीच. फक्त असलं वाक्य त्यांनी जन्मात कुणाला ऐकवलं नव्हतं.

"हे मी बोललेलं नाही," त्या म्हणाल्या.

मुलीने फोनकडे पाहिलं, मग बाईंकडे.

बाईंनी तिच्यासमोरच विभागप्रमुखांना फोन लावला.

"अहो, त्यात एवढं काय?" ते म्हणाले. "चाचणीत तीनदा कमी गुण पडले की अ‍ॅप सल्ला देतं. परीक्षेत आपटण्यापेक्षा बरं नाही का? यंदा निकाल कुठल्या कुठे जातो, बघाच तुम्ही."

"पण माझ्या तोंडी घालून?"

"मुलं तुमचं ऐकतात, मॅडम. कुणाचं ऐकाल, असं कंपनीने विचारून पाहिलं होतं मुलांना. आणि रेकॉर्डिंगवरून गरजेप्रमाणे तुमच्या आवाजात नवी वाक्यं बनवता येतील, असं तुमच्या करारात आहेच की. सही तुमचीच आहे. वाचलाच असेल तुम्ही."

बाईंनी फोन ठेवला. करार त्यांनी वाचला नव्हता.

त्यांनी अर्जाचे चार तुकडे केले. "उद्यापासून तास संपला की माझ्याकडे बसायचं. चुकलं तर चुकू दे, आपण परत करू. आणि ती फोनमधली काही बोलली, तर खुशाल तिचं तोंड बंद कर."

मुलगी हसली नाही. दारापर्यंत गेली आणि वळली. "मॅडम, प्रमाण विचलनाचं ते तिसरं गणित मला खरंच कळलं नव्हतं. विचारणार होते. पण म्हटलं, तुम्ही आधीच कंटाळला असाल."

ती गेल्यावर बाईंनी टेबलाच्या कडेची, आधीच्या अर्जांची फाइल ओढली. नशीब, क्लार्कने अजून नेली नव्हती. सगळ्यात वरचा अर्ज एका नर्सचा होता. रुग्णालयातली पाळी संपवून ती थेट वर्गात यायची, डोळे तारवटलेले, पण वही कधी कोरी नसायची. तिने सोडलाय विषय, हे बाईंच्या लक्षातही आलं नव्हतं.

अर्जावर नंबर होता. बाईंनी तो फिरवला. चार-पाच वेळा घंटी वाजली.

"हॅलो," बाई घाईघाईने म्हणाल्या, "मी बोलतेय, संख्याशास्त्राची..."

"ओळखला आवाज." पलीकडचा सूर थकलेला होता. "दिला मी अर्ज, मॅडम. सोडला तुमचा विषय. आता तरी रोज सांगणं बंद करा."

आणि फोन कट झाला.